रोक आली की हात वर

माझा उजवा डोळा आज जागच्या जागी आहे आणि उजव्या गालावर साधा ओरखडाही नाही. याचं श्रेय माझी आई देवाला देते आणि मी उस्तादांना देते. आमचा त्यावरून वाद होत नाही. आई मोर्शीच्या देवळात नारळ फोडते, मी दर दिवाळीत संत्र्यांची पिशवी घेऊन अमरावतीला उस्तादांच्या घरी जाते. देवाने आईला आजवर उलट उत्तर दिलेलं नाही. उस्ताद मात्र पिशवीत डोकावून म्हणतात, "अंबिया बहाराचे संत्रे हाय ना व? मंग आंबट काहून निघते?"

पोलिसात कवायत आणि हत्यारं शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणायची जुनी पद्धत आहे. अकोल्याच्या बाहेर आमचं प्रशिक्षण केंद्र होतं, तिथे ते आम्हा मुलींच्या तुकडीला रायफल शिकवायचे. हुद्द्याने हवालदार. बुटके, रुंद, मिशा कुळकुळीत काळ्या आणि भुवया पांढऱ्या. मिशांना कलप लावताना भुवयांपर्यंत हात पोचत नसावा, असं आम्ही म्हणायचो. त्यांच्या खिशात कायम रायफल पुसायच्या पांढऱ्या चिंध्यांची गुंडाळी असायची. त्याच चिंधीने ते चष्मा पुसत, स्कूटरची सीट पुसत, समोशाचं तेलही टिपत. आमच्यापैकी कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं की तीच चिंधी पुढे यायची, हत्याराच्या तेलाचा वास मारणारी. त्यामुळे आमच्या तुकडीत रडण्याचं प्रमाण फार कमी राहिलं.

त्यांनी आमच्यापैकी एकीलाही कधी नावाने हाक मारली नाही. पहिल्याच दिवशी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि विचारलं, "गाव कोनतं?" मी मोर्शी म्हटलं. त्या क्षणापासून मी मोर्शी झाले. माझ्या शेजारी झोपणारी दर्यापूर, तिच्या पलीकडची चिखलदरा. नांदगाव खंडेश्वरच्या दोघी निघाल्या, तेव्हा उस्तादांनी क्षणभर विचार केला आणि एकीला नांदगाव केलं, दुसरीला खंडेश्वर. ती बिचारी खंडेश्वर अजून फोनवर तेच नाव सांगते. आमच्यात दोन सारिका होत्या, एक सरिता होती आणि एक सविता. तरीही उस्तादांनी गाव सोडून नाव घेतलं नाही.

बोलताना त्यांना आपलं तोंड दिसलं पाहिजे, हा दुसरा हट्ट. पाठमोरं कुणी काही बोललेलं त्यांना चालायचं नाही. लाजून तोंडावर हात ठेवून बोलणारीला ते म्हणत, "तोंडावरचा हात काढ. दात पडले काय तुहे?" त्यातून आमचं प्रशिक्षण मास्कच्या दिवसांत सुरू झालेलं. केंद्राचे डॉक्टर मास्क लावा म्हणून फिरायचे आणि त्यांची पाठ फिरली की उस्ताद आम्हाला दहा हात लांब उभं करून म्हणायचे, "आता काढा ते फडकं. फडक्यातून मले रोक सांगू नका." डॉक्टरांनी दोनदा पकडलं. दोन्ही वेळा उस्ताद त्यांचं सगळं बोलणं मन लावून पाहत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बरोबर हाय, साहेब." मग पुन्हा तेच. फोन ते उचलतच नसत. वाजला की जवळ असेल तिच्या हातात द्यायचे, "तू बोल, मी जेवून राहिलो." त्या वेळी ते जेवत असतीलच असं नव्हतं. एकदा तर ते चक्क सायकल चालवत होते.

आता रोक म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण तोच उस्तादांचा खरा विषय. हत्यार चालता चालता मध्येच बंद पडलं की त्याला पोलिसात रोक म्हणतात. पुस्तकात तिचे प्रकार इंग्रजीत दिलेले असतात. फेल्युअर टू फीड, डबल फीड, स्टोव्हपाइप, मिसफायर, हँगफायर, स्क्विब. आम्ही ते पाढ्यांसारखे पाठ केले होते आणि एकीलाही त्यांतलं काही कळलेलं नव्हतं. उस्तादांनी पुस्तक मिटायला लावलं.

"पंगत पाह्यली ना सगळ्यायनं? जेवल्या ना लग्नात? मंग झालं. हे हत्यार म्हंजे पंगत हाय. फरक एवढाच का इथं पाट एकच."

गोळी बसते ती जागा म्हणजे पाट. मॅगझीन म्हणजे बाहेर ताटकळत उभी असलेली पाहुण्यांची रांग. "एक पाहुणा आत येते. पाटावर बसते. त्याच्या मागं दाराले कडी लागते. मंग ते जेवते, म्हंजे धाड! कडी निघते, उष्टी पत्रावळ उचलल्या जाते, दाराबाहेर फेकल्या जाते, आन् दुसरा पाहुणा येते. तुमच्या डोळ्याचं पातं लवते तेवढ्यात एक पंगत उठते." उष्टी पत्रावळ म्हणजे गोळी उडाल्यावर मागे उरलेली रिकामी पुंगळी. "आन् हे सगळं करते कोन? वाढपी हाय काय आत कोनी? नाही. त्याच गोळीचा गॅस नळीतून मागं येते आन् सगळं हालवते. म्हंजे ज्यानं जेवलं त्यानंच पत्रावळ उचलाची. आता सांगा, पाहुणा नीट जेवलाच नाही तं?"

"पत्रावळ उचलल्या जाणार नाही, उस्ताद," चिखलदरा म्हणाली. ती एरवी शुद्ध बोलणारी, पण या वर्गात सगळ्यांच्याच जिभेला उस्तादांचं वळण लागायचं.

तिथून पुढे आमच्या तुकडीत इंग्रजी नावं फक्त पेपर लिहिण्यापुरती राहिली. मॅगझीनमधून निघालेली गोळी चेंबरच्या, म्हणजे पाटाच्या, तोंडाशीच वाकडी होऊन अडली की ती 'उंबऱ्यातला पाहुणा'. गोळी आत बसली पण तिच्या मागचं दार, म्हणजे बोल्ट, पुरतं मिटलं नाही की 'कडी नाही लागली'. पहिली पुंगळी आतच राहिली आणि मागून दुसरी गोळी येऊन धडकली तर 'एका पाटावर दोघं', आणि हा प्रकार सर्वांत भांडकुदळ, असं उस्ताद म्हणायचे, कारण दोघांतला कोणी उठत नाही, आधी बाहेरची रांग बंद करावी लागते, म्हणजे मॅगझीन काढावं लागतं. पुंगळी बाहेर पडता पडता दारातच उभी अडकली, चुलीच्या धुराड्यासारखी, तर 'दारातली पत्रावळ'. चाप दाबला आणि काहीच झालं नाही तर 'रुसलेला जवाई'. याच्याबाबतीत घाई करायची नाही. "जवाई रुसला म्हून तुमी लगेच दार उघडलं आन् तेवढ्यात ते उठून बसलं तं? गोळी उशिरा बी उडते. थांबाव. तोंड समोर ठेवाव. जवायाले टाइम द्याव."

सगळ्यांत शेवटचा प्रकार सांगताना मात्र ते हसले नाहीत. "एक पाहुणा असा ऱ्हायते का त्याले जेवन पुरतच नाही. दारू कमी भरेल असते, नाही तं ओली. ते पाटावरून उठते पन बाहेर जात नाही. बोळीत जाऊन निजते." बोळ म्हणजे रायफलची नळी. "आवाज येते, पन फुसका. खांद्याले धक्का लागत नाही. पोट्टी म्हनते, रोक आली, खेचा हँडल, करा फायर. बाहेरून नवा पाहुणा येते, भरपेट जेवते आन् बोळीतून धावत सुटते. समोर कोन निजेल हाय?" त्यांनी आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "मंग नळी फाटते. आन् तिच्या मांगं तुमचा डोळा असते."

या शेवटच्या पाहुण्यासाठीच त्यांनी आपला नियम केला होता. रोक आली की बोट चापाबाहेर, रायफलचं तोंड टार्गेटकडे, आणि डावा हात वर. नुसता वर नाही, आभाळात. मग रोकेचं नाव सांगायचं. नाव सांगितल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही. शेजारच्या तुकडीचे उस्ताद तरुण होते, ते 'थाप मार, खेच, चालव' असं शिकवायचे, आणि त्यांच्या पोरी रोक आली रे आली की दोन सेकंदांत पुन्हा फायर करायच्या. आमची तुकडी हात वर करून नाव ठरवत बसायची. आंतर-तुकडी स्पर्धेत आम्ही शेवटून पहिल्या आलो. आम्हाला सगळं केंद्र कविसंमेलन म्हणायला लागलं. उस्तादांवर काडीचा परिणाम झाला नाही.

हात कोपरातून वाकला तर शिक्षा ठरलेली होती. डावा हात सरळ वर धरून मैदानाला चक्कर. आमचं मैदान हमरस्त्याला लागून होतं. हात वर करून धावणाऱ्या पोरी पाहून ऑटोवाले सुरुवातीला थांबायचे आणि "कुठं जाचं, ताई?" असं विचारायचे. पुढे पुढे त्यांचीही सवय मोडली.

उस्तादांना पंगतीचं वेड फक्त रायफलपुरतं नव्हतं. एका रविवारी दर्यापूर आणि मी त्यांच्याबरोबर एस.टी.ने अकोल्याहून अमरावतीला गेलो होतो. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, आम्हाला जेवायला बोलावलं होतं. बस खडखडत निघालेली. कंडक्टरने उस्तादांना "कुठं?" म्हणून विचारलं, पुन्हा विचारलं, तरी हे खिडकीबाहेर कपाशी पाहत बसलेले. शेवटी मीच तीन अमरावती म्हटलं. मनात म्हटलं, काय रुबाब आहे, घाई म्हणून करायची नाही! तेवढ्यात कंडक्टरच्या तिकीट-यंत्रात कागद अडकला. तो ओढताना त्याचं कोपर खांद्याला लागलं तशी उस्तादांनी झटकन मान वळवली.

"खेचू नका. दारातली पत्रावळ हाय ते. आधी झाकन उघडा, मंग काढा."

कंडक्टरने झाकण उघडलं. कागद अलगद निघाला. "काका, तुमी मशीनच्या कंपनीत हाव काय?"

"नाही बाप्पा," उस्ताद म्हणाले. "मी पंगतीत हाव."

कंडक्टरने आमच्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि पुढे सरकला. पूर्ण प्रवासात त्याने पुन्हा आमच्या बाकाकडे फिरकायचं टाळलं.

आता माझं सांगते. मला रायफल उघडता यायची, जोडता यायची, सगळे पाहुणे ओळखता यायचे. फक्त गोळी मारता येत नव्हती. चाप दाबायच्या नेमकं आधी माझे डोळे आपोआप मिटायचे. आवाजाची भीती. फायरिंगच्या परीक्षेत मी एकदा नापास झाले, मग दुसऱ्यांदा झाले. तिसऱ्यांदा नापास होणारीची ट्रंक आणि ती, दोघी घरी जातात. घरी फक्त आई होती. ती अंगणवाडीत सेविका. बाबा गेल्यापासून तिच्या मानधनावर आम्ही कसंबसं ओढत होतो, आणि मी भरती झाले त्या दिवशी तिने आख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण तिने माझा वर्दीतला फोटो अंगणवाडीच्या भिंतीवर चिकटवला होता आणि पोरांना त्यावर बोट ठेवून 'प पोलिसाचा' शिकवत होती. मी नापास होऊन परत गेले तर त्या पोरांना आई 'प' कशाचा शिकवणार, या विचाराने माझी झोप उडाली होती.

दुसऱ्या नापासानंतर उस्तादांनी मला बाजूला घेतलं. ओरडले नाहीत. माझ्या मॅगझीनमध्ये त्यांनी खऱ्या गोळ्यांच्या मध्ये खोट्या गोळ्या घातल्या, कुठली कुठे ते मला न सांगता. मी चाप दाबला, खोटी निघाली, आवाज झालाच नाही, तरी नळीचं तोंड खाली गेलं.

"पाह्यलं? कोनी मारलं नाही तरी मान खाली घातली नळीनं. तुह्या भेवानं." मग चिंधी काढून हात पुसत म्हणाले, "भेव तुह्या कानात हाय ना? मंग कानालेच कामाले लाव."

त्या दिवसापासून दुसऱ्या तुकडीचं फायरिंग सुरू झालं की ते मला रेषेच्या मागे, कानात कापूस घालून, डोळे मिटून बसवायचे. स्वतः माझ्यासमोर उकिडवे बसायचे. प्रत्येक गोळीला विचारायचे, "सांग मोर्शी, कसा होता?" मी म्हणायची, भरलेला. भरलेला. भरलेला. कधी पुंगळी अडकल्याचा खट्ट आवाज ओळखायची. हळूहळू असं झालं की गोळीची वाट पाहायला लागले, तिच्या आवाजात काही कमी-जास्त आहे का म्हणून. भीती कुठे गेली ते कळलंच नाही. एकदा मी मध्येच डोळे उघडले तर उस्ताद माझ्या ओठांकडे टक लावून पाहत होते. शिकवण्यात किती जीव ओततो हा माणूस, असं मला वाटलं. तेही खरंच होतं.

तिसऱ्या परीक्षेला बाहेरून एक साहेब आले होते. हातात भोंगा आणि घड्याळ. फायरिंगला वेळ ठरलेली, त्यात सगळ्या गोळ्या संपवायच्या. मी पालथी पडले, रायफलचा दस्ता खांद्यात बसवला, गाल टेकवला. पहिल्या गोळ्या बऱ्या गेल्या. डोळे उघडे राहिले. टार्गेट दिसत होतं. मला वाटलं, जमलं, आई, जमलं.

आणि पुढची गोळी फुसकी वाजली.

सोड्याची बाटली उघडावी तेवढा आवाज. खांद्याला धक्का नाही. रायफल गप्प. माझा डावा हात बोल्ट मागे खेचायच्या कॉकिंग हँडलवर कधी गेला मला समजलं नाही. शेजारच्या तुकडीचं रोज ऐकून ऐकून तोच मंत्र कानात बसला होता, खेच, चालव. भोंग्यातून साहेब ओरडत होते, "समय जा रहा है! खींचो और चलाओ!" त्यांना लांबून एवढंच दिसत होतं की एका पोरीची रायफल थांबली आहे आणि ती वेळ घालवते आहे. माझी बोटं हँडलभोवती वळली होती. हँडल खेचलं असतं तर रिकामी पुंगळी निघून नवी गोळी आत बसली असती, आणि पुढे फक्त चाप दाबायचा होता.

मग मनात आलं, नाव काय?

मी हँडल सोडलं. बोट चापावरून बाहेर घेतलं आणि डावा हात वर केला. इतका सरळ की खांदा दुखला. भोंगा ओरडतच होता. मला ट्रंक दिसत होती, भिंतीवरचा फोटो दिसत होता, पण हात मी खाली घेतला नाही.

उस्ताद पार दुसऱ्या टोकाला, दर्यापूरच्या मागे उभे होते. तिथून ते धावत आले. त्या वयात, त्या शरीराने, जड बुटांत. माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसले, वाकून माझ्या तोंडासमोर तोंड आणलं. "नाव?"

"बोळीत निजला, उस्ताद."

"पुन्हा सांग."

"बोळीत निजला!"

त्यांनी रायफल माझ्याकडून घेतली. मॅगझीन काढलं, बोल्ट मागे घेतला, पुंगळी खाली पडली. मग नळी साफ करायची लोखंडी कांडी मागवून ती पुढच्या तोंडातून आत सोडली. कांडी अर्ध्यातच थांबली. जिथे थांबली तिथे अंगठा धरून त्यांनी ती बाहेर काढली आणि साहेबांना दाखवली. साहेबांनी भोंगा खाली ठेवला. टोपी काढली, पुन्हा घातली. "इसको दूसरी रायफल दो," ते म्हणाले. "टाइम शुरू से." आणि माझ्याकडे वळून हळूच, "शाबाश, बेटा."

मी पास झाले. काठावर, पण झाले. आईला फोन केला तर तिला रडूच आवरेना. फोन अंगणवाडीतल्या पोरांपुढे धरून ती म्हणाली, "म्हना रे, प कशाचा?" आणि तिकडून एकच कल्ला झाला.

उस्तादांना पेढा द्यायला गेले तर ते बाभळीखाली एकटे बसले होते, चहाचा कप हातात तसाच. मला वाटलं, खूश असतील. चेहरा पांढराफटक होता.

"बस," ते म्हणाले. "आवाज कसा आला होता?"

मी सोड्याच्या बाटलीचं सांगितलं.

"दर्यापूरले आइकू आला काय?"

"हो उस्ताद. ती म्हणाली, तिला तिथूनही आला. सगळ्यांनाच आला."

"मी तिच्या मांगंच होतो. मले नाही आला."

मग त्यांनी सांगितलं. डावा कान जाऊन कित्येक वर्षं झाली होती, उजवा आता निघाला होता. त्यांच्या वेळी कानात कापूस घालणाऱ्याला पोरं बायल्या म्हणत, म्हणून कोणी घालत नसे. आयुष्यभर त्या आवाजाशेजारी उभं राहिल्यावर कान आणखी काय करणार! वर्षाच्या तपासणीत ते डॉक्टरांच्या ओठांकडे पाहून उत्तरं देत. मास्क आले तेव्हा पहिल्यांदा घाबरले. नावाऐवजी गाव का, तेही तेव्हाच कळलं. "सारिका, सरिता, सविता, ओठावर सगळ्या एकच दिसते व. मोर्शी वायली दिसते, दर्यापूर वायली दिसते." आणि हात आभाळात का, ते त्यांना सांगावं लागलं नाही. कोपरातून वाकलेला हात गर्दीत हरवतो. सरळ वर गेलेला हात रेषेच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसतो.

मी त्यांच्यापुढे हात जोडले. "उस्ताद, कोणाला सांगू नका. तुम्ही शिकवलं म्हणून मी हात वर केला. तुम्ही नसते तर माझा डोळा गेला असता."

"आज तू केला. उद्या एखादी नाही करनार, खेचून देईन. मंग मी मांगं उभा राहून काय करीन? तिचा दुसरा बार आइकीन, तो तं मले बी आइकू येईन." चहा त्यांनी बाभळीच्या बुंध्याशी ओतला. "पाहुणा कुठी निजला हेच ज्याले समजत नाही, त्यानं पंगतीत वाढाव काय? सांग."

त्यांनी चिंधी पुढे केली. मी घेतली.

रेंज, म्हणजे फायरिंगचं मैदान, हेच त्या माणसाचं सगळं जग होतं. काकू म्हणायच्या, सुटीच्या दिवशी हे घरात उभे राहतात तेसुद्धा दोन पाय फाकवून, नजर लांब ठेवून. ते सोडणं म्हणजे काय, याची मला पुरती कल्पना होती, म्हणून आतून वाटत होतं की ते सोडणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं केंद्र मैदानात उभं होतं. रिपोर्ट झाला. आमच्या केंद्राचे मोठे साहेब रोजच्यासारखं म्हणाले, "किसी को कोई तकलीफ?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. तो विचारायचा असतो आणि त्यानंतर परेड सुटायची असते. पण उस्तादांच्या रांगेतून बुटांचा आवाज आला. ते एक पाऊल पुढे आले होते. ताठ, सावधान. आणि त्यांनी डावा हात वर केला. आभाळात.

साहेब गोंधळले. "क्या बात है, उस्ताद?"

"रोक हाय, साहेब."

"कौन सी रोक?"

"कान, साहेब. दोन्ही."

साहेब चार पावलं चालत त्यांच्यासमोर गेले, तोंडासमोर तोंड येईल असे उभे राहिले आणि मग बोलले. काय बोलले ते आमच्यापर्यंत आलं नाही. उस्तादांपर्यंत ते पोचलं असणार, कारण त्यांनी मान डोलावली. हात मात्र साहेबांनी स्वतः धरून खाली आणेपर्यंत वरच होता. दर्यापूर माझ्या शेजारी सावधानमध्ये उभी राहून हमसून हमसून रडत होती, आणि मीसुद्धा.

निवृत्तीपर्यंत त्यांना शस्त्रागारात काम दिलं. तिथे टेबलावर रायफल उघडून ते नव्या पोरींना पंगत शिकवायचे. रेंजवर ते पुन्हा गेले नाहीत.

आता मी स्वतः शिकवते. पेपरात पोरींनी फेल्युअर टू फीड लिहिलं पाहिजे, नाहीतर मार्क जातात. रेंजवर उंबऱ्यातला पाहुणा म्हणायचं. माझ्या पोरींना त्यांच्या गावांनी हाक मारते, त्याचं कारण त्यांना माहीत नाही, त्या मला विक्षिप्त समजतात. त्यांनी हात कोपरातून वाकवला की मैदानाला चक्कर आहेच. ऑटोवाल्यांची नवी पिढी पुन्हा थांबायला लागली आहे.

उस्ताद अमरावतीला असतात. कानाचं यंत्र घेतलंय, ते बहुतेक वेळ चिंधीत गुंडाळून डबीत ठेवलेलं असतं. "हे बी रोक देते. शिट्ट्या मारते," म्हणतात आणि त्याची जाळी काकूंच्या जुन्या दात घासायच्या ब्रशने घासत बसतात. दारावरची बेल वाजवून उपयोग नाही, हे मला पहिल्याच खेपेला समजलं. काकू मागच्या अंगणात असतात, आणि उस्ताद ओसरीवर, खुर्ची फाटकाच्या नेमकी समोर टाकून. नजर लांब.

म्हणून मी बेल वाजवत नाही. संत्र्यांची पिशवी उजव्या हातात घेते, फाटकाशी उभी राहते आणि डावा हात वर करते, खांदा दुखेपर्यंत. येणारेजाणारे बघतात. बघोत.

ते खुर्चीतून उठतात. आता धावता येत नाही, पण धावल्यासारखेच येतात. फाटकाशी पोचून माझ्या तोंडासमोर तोंड आणतात आणि दर वेळी तेच विचारतात, "कोनती रोक हाय, मोर्शी?"

आणि मी ओठ नीट हलवून, सावकाश सांगते, "कोनतीच नाही, उस्ताद. तुमच्यामुळं सगळं चालू हाय."